घरचं विज्ञान : शुक्राच्या घरात डोकावताना



सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. मुलीचं लग्न ठरलंय. दोन्हीकडची मंडळी राजी, हॉल मिळतोय, मुलाची रजाही जमतेय. पण गुरुजी म्हणाले, "शुक्राचा अस्त आहे, तारीख पुढे न्या." आता पुढची तारीख घ्यायची तर हॉल नाही, आणि हॉल आहे तर मुलाला रजा नाही. घरात सगळे कावलेत. मुलगी बी.एस्सी. झालेली. ती म्हणते, "आई, माझं लग्न अडवणारा हा शुक्र आहे तरी कसा, एवढं मला कुणीतरी सांगा." बाई विचारतात, "तिला काय सांगू?"

मुहूर्त पाळायचा की नाही, हे तुमच्या घरचं काम. त्यात मी पडणार नाही. व्याही-विहिणींच्या बोलण्यात तिसरं माणूस पडलं की त्याचं काय होतं, ते आपण सगळ्याच जाणून आहोत. पण मुलीचा प्रश्न मला फार आवडला. तेव्हा आजचा मजकूर तिच्यासाठी, आणि तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी अस्ताचं सांगते. अस्त झाला म्हणजे शुक्र कुठे जात नाही, की त्याचं तेज कमी होत नाही. तो सूर्याच्या अलीकडे किंवा पलीकडे, आपल्याला सूर्याच्या अगदी लगत दिसेल अशा जागी येतो, आणि त्या झगझगाटात आपल्याला दिसेनासा होतो. अंगणात समोरून मोटारीचे दिवे डोळ्यांवर आले की शेजारी उभं राहिलेलं माणूस दिसत नाही, तसंच. अलीकडून गेला तर आठ-दहा दिवस, पलीकडून गेला तर दीड-दोन महिने. मग तो पुन्हा उगवतो, कधी पहाटे पूर्वेला, कधी तिन्हीसांजेला पश्चिमेला. हा फेरा सुमारे ५८४ दिवसांचा. असे पाच फेरे झाले की आठ वर्षं होतात आणि शुक्र जवळजवळ त्याच तारखांना त्याच जागी दिसतो. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी हे सगळं नुसत्या डोळ्यांनी बसवलं होतं, त्याचं मला कौतुकच वाटतं.

आता तो आहे कसा? अंगापिंडानं अगदी आपल्या पृथ्वीसारखा. पृथ्वीचा व्यास १२,७५६ किलोमीटर, शुक्राचा १२,१०४. जुळी भावंडंच म्हणा ना. पण त्याच्या अंगावर ढगांची अशी दाट चादर आहे, की मोठमोठ्या दुर्बिणींतूनही नुसता पांढरा, गुळगुळीत गोळा दिसायचा. आणि जिथे दिसत नाही तिथे माणसाचं मन धावतं, शेजारच्या बंद खिडकीमागं काय चाललं असेल याबद्दल धावतं तसंच. ढग म्हणजे पाणी, पाणी म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे दलदल आणि हिरवंगार रान! नोबेल पारितोषिक मिळवलेले स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीही १९१८ साली शुक्रावर सगळीकडे ओलंचिंब असणार, असं लिहून ठेवलं होतं.

पुढे १९५६ साली अमेरिकेत रेडिओ दुर्बिणीनं शुक्राची उष्णता मोजली, ती तीनशे अंश सेल्सिअसच्या वर भरली. १४ डिसेंबर १९६२ ला मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं, त्यानंही तेच सांगितलं. तरी आशा काही सुटेना. १९६७ साली रशियनांनी व्हेनेरा ४ पाठवलं, तेव्हा न जाणो पाण्यात पडलं तर, म्हणून त्यात एक कुलूप चक्क साखरेचं बसवलं होतं! पाण्यात पडलं की साखर विरघळायची, कुलूप सुटायचं आणि आकाशवाणीची तार मोकळी व्हायची. साखर काही विरघळली नाही. जमिनीपासून पंचवीसेक किलोमीटर उंचीवर असतानाच यान मुकं झालं. तोवर बाहेरची उष्णता २६२ अंशांवर गेली होती.

मग सुरू झाली झाकणांची कहाणी. ही मला सगळ्यात प्रिय, कारण ती आपल्या ओळखीची आहे.

१५ डिसेंबर १९७० ला व्हेनेरा ७ उतरलं. छत्री फाटल्यामुळे दाणकन आपटलं, बहुधा कलंडलंही. मॉस्कोत लोकांना वाटलं, संपलं. नंतर ध्वनिफिती पुन्हा तपासताना अगदी क्षीण असा २३ मिनिटांचा संदेश सापडला. परग्रहाच्या जमिनीवरून आलेला तो पहिला संदेश. १९७५ च्या ऑक्टोबरात व्हेनेरा ९ आणि १० यांनी जमिनीचे पहिले फोटो पाठवले. पण दोघांच्याही दोन-दोन कॅमेऱ्यांपैकी एकेकाचं झाकण उघडलंच नाही, म्हणून अर्धाच देखावा दिसला. १९७८ साली व्हेनेरा ११ आणि १२ गेली. त्यांचं तर एकही झाकण उघडलं नाही. करोडो किलोमीटर जायचं आणि डोळे मिटून बसायचं! लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं की आपण तिला उन्हात ठेवतो, टॉवेल गुंडाळून फिरवतो. तिथे कोण फिरवणार?

शेवटी १ मार्च १९८२ ला व्हेनेरा १३ उतरलं आणि झाकणं अगदी सुरेख उघडली. ३२ मिनिटं टिकेल असा हिशेब होता, ते १२७ मिनिटं टिकलं. रंगीत फोटो पाठवले. चपटे, तडकलेले दगड, मधेमधे बारीक भुगा, आणि सगळ्यावर नारिंगी उजेड, जणू काही वावटळीआधीची संध्याकाळ. चार दिवसांनी व्हेनेरा १४ उतरलं. त्याचीही झाकणं उघडली, निघून बाजूला पडली. मग मातीचा कठीणपणा मोजण्यासाठी यानानं आपला हात खाली टेकवला. तो टेकला नेमका त्या पडलेल्या झाकणावर! शुक्राच्या मातीऐवजी रशियन झाकणाचा कठीणपणा मोजून झाला.

याच मालिकेतलं एक यान १९७२ साली निघालं, पण पृथ्वीभोवतीच अडकून राहिलं. त्याचं नाव कॉसमॉस ४८२. शुक्राची भट्टी सोसेल अशा मजबूत बांधणीचं ते पिंप आपल्याच डोक्यावर त्रेपन्न वर्षं घिरट्या घालत होतं. १० मे २०२५ ला ते खाली आलं, हिंदी महासागरात पडलं असं रशियानं सांगितलं.

आता तिथला उन्हाळा किती, ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. जमिनीवर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. दिवस असो रात्र असो, मधला पट्टा असो की ध्रुव, फरक जवळजवळ नाहीच. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ ला, जस्त ४२० ला. म्हणजे तुमच्या आजेसासूबाईंचं पितळी पातेलं शुक्रावर ठेवलं, तर पातेलं राहील, पण कल्हई ओघळून जाईल. अ‍ॅल्युमिनियमला वितळायला ६६० अंश लागतात, तेव्हा कुकरही राहील; रिंग मात्र जळून जाईल.

आणि दाब! घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो, तरी शिट्टी अडकली की आपला जीव खालीवर होतो. शुक्राच्या जमिनीवर आपल्या हवेच्या ९२ पट दाब आहे. एका नखाएवढ्या जागेवर जवळजवळ क्विंटलभराचं पोतं. तिथली हवा धड हवा राहत नाही, धड पाणीही होत नाही. वारा जमिनीलगत अगदी मंद, माणूस रमतगमत चालेल त्याहूनही सावकाश. पण ती हवा एवढी जड, की त्या मंद वाऱ्याचाही ओढ्याच्या पाण्यासारखा रेटा बसावा. वर ढगांत मात्र वारा पिसाटासारखा धावतो, चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा. ग्रह स्वतः मात्र एवढा आळशी, की एकदा स्वतःभोवती फिरायला त्याला आपले २४३ दिवस लागतात, तेही उलटे. त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो. ढग कसले म्हणाल, तर गंधकाम्लाचे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत असतं तेच, आणि त्याहून कितीतरी कडक. त्याचा पाऊस पडतो, पण खालच्या धगीनं वाटेतच आटून जातो, जमिनीला थेंब लागत नाही.

असं का झालं? "सूर्याच्या जवळ आहे म्हणून," असं आपण चटकन म्हणू. पण बुध त्याहून जवळ आहे आणि तरी दुपारी सुमारे ४३० अंशांपलीकडे जात नाही. शिवाय शुक्राचे ढग तीन-चतुर्थांश ऊन परत फेकतात. हवेची गोधडी नसती तर तो शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत गारठला असता.

म्हणजे सगळं या गोधडीत आहे. शुक्राच्या हवेत शंभरातले साडेशहाण्णव भाग कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीतल्या बुडबुड्यांचा, आपल्या उच्छ्वासातला तोच वायू. उजेड आत येताना तो फारसा अडवत नाही, पण तापलेल्या जमिनीची धग बाहेर जाऊ देत नाही. आलेलं ऊन थोडंच, पण ते बाहेर पडायला वाट नाही.

मग एवढा वायू शुक्राकडेच कुठून आला? आणि इथे, मैत्रिणींनो, मला तुमच्या पायांखाली पाहायला सांगायचं आहे. कारण वायू दोघांकडे जवळजवळ सारखाच आहे. दोन्ही ग्रहांच्या ज्वालामुखींनी तो ओकला. शुक्राचा हवेत राहिला, आपला खडकांत गेला. पावसानं तो हवेतून धुऊन काढला, नद्यांनी समुद्रात नेला, समुद्राच्या तळाशी त्याचा चुनखडीचा गाळ साचला. पुढे शंख-शिंपल्यांनीही त्यात भर घातली. अनेक घरांत स्वयंपाकघराला शहाबादी फरशी आहे ना? ती अशाच एका फार फार जुन्या समुद्राचा तळ आहे. तिच्यावर लिंबू पिळलेलं सांडलं की पांढुरका डाग पडतो आणि कितीही घासला तरी जात नाही. तो डाग नसतो, फरशीच तेवढी खाल्ली गेलेली असते, आणि तिच्यात कोंडलेला वायू बारीक बुडबुडे काढत हवेत सुटलेला असतो. पृथ्वीवरची सगळी चुनखडी अशी एकदम मोकळी झाली, तर आपली हवाही शुक्रासारखी जाडजूड होईल.

आपल्याला तारलं ते पाण्यानं. पाणी नसतं तर वायू धुऊन खाली आणणारं कुणी नव्हतं. शुक्रावर आज पाणी नावालाच आहे. पूर्वी बरंच जास्त होतं, याची खूण तिथल्या हवेत सापडली आहे: पाण्यातला हलका हायड्रोजन उडून गेला, जड मागे साचला, पृथ्वीवरच्या प्रमाणाच्या शंभरपटीहून जास्त. त्या पाण्याचे तिथे कधी समुद्र झाले होते, की ते पहिल्यापासून वाफच राहिलं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

पृथ्वीचा असा शुक्र होईल का, असं कुणी विचारेलच. कोळसा आणि तेल जाळून इतकं होईल असं शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. समुद्र आणि खडक त्यांचं काम करताहेत. पण ते काम लाखो वर्षांच्या चालीनं चालतं आणि आपली घाई वेगळी आहे. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर गेला आहे. सिमेंटसाठी आपण चुनखडी भट्टीत घालतो तेव्हाही तो कोंडलेला वायूच मोकळा करतो. गोधडी ऊब देते की नाही, ही शंका मात्र शुक्राकडे पाहिल्यावर कुणी काढू नये.

दगडांचं सांगायचं राहिलं. व्हेनेरा १३ आणि १४ यांनी चिमूटभर दगड आत ओढून तपासला, तो निघाला बेसाल्टच्या जातीचा. म्हणजे ज्वालामुखीच्या रसाचा काळा कातळ, सह्याद्रीचा आहे त्याच कुळातला. आपला पाटा-वरवंटा, जातं, किल्ल्यांचे चिरे त्याचेच.

ढगांमुळे वरून डोळ्यांना दिसत नाही, पण रडारच्या लहरी ढग भेदून जातात. १९९० ते १९९४ या काळात मॅगेलन यानानं असा जवळजवळ सगळा ग्रह चाचपून नकाशा केला. पाहावं तिकडे ज्वालामुखी. काही तर उत्तप्प्यासारखे गोल आणि चपटे, वीस-पंचवीस किलोमीटर रुंद. घट्ट पीठ तव्यावर ओतलं की जसं जागच्या जागी फुगून बसतं, तसे. उंच डोंगरांच्या माथ्यांवर रडारला काहीतरी चकाकणारं दिसलं. काही शास्त्रज्ञांना वाटतं, ती शिसं आणि बिस्मथ यांच्या गंधकसंयुगांची, वाफ होऊन वर जाऊन गोठलेली साय असावी. डोंगरांना कल्हई! २०२३ साली मॅगेलनचेच जुने फोटो पुन्हा पाहताना आढळलं, की मात मॉन्स या पर्वतावरचं एक विवर १९९१ च्या फेब्रुवारी ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत सुमारे दुप्पट रुंदावलं होतं. म्हणजे चूल अजून विझलेली नाही. तीस वर्षं ते फोटो कपाटात होते, नीट पाहायला कुणाला सवड नव्हती.

आणि आता नावांचं. आपल्याकडे शुक्र पुरुष, दैत्यांचे गुरू शुक्राचार्य. पाश्चात्त्यांकडे तो व्हीनस, बाई. म्हणून आंतरराष्ट्रीय खगोल संघानं असं ठरवलं, की शुक्रावरच्या जागांना नावं द्यायची ती स्त्रियांची. देवी, वीरांगना, कवयित्री, डॉक्टर. अपवाद मोजून तीन: दोन प्रदेश अल्फा आणि बीटा या अक्षरांचे, आणि तिथला सर्वांत उंच, ११ किलोमीटरचा पर्वत मॅक्सवेल या शास्त्रज्ञांचा. एवढ्या बायकांच्या वस्तीत ते एकटेच पुरुष आहेत. या पर्वताच्या पश्चिमेला जे पठार पसरलंय, त्याचं नाव लक्ष्मी. आपलीच लक्ष्मी. त्या पठाराच्या नैर्ऋत्येचे कडे रोमन लोकांच्या चुलीच्या देवीचे, व्हेस्टाचे आहेत. तिथल्या सगळ्याच कड्यांना घराच्या आणि चुलीच्या देवींची नावं देतात. कुणाला सुचलं असेल कोण जाणे.

मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची नावं देतात. त्यांत 'जोशी' नावाचं सुमारे ३४ किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे. ते आनंदीबाई जोशी यांचं. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं मूल गमावलेली ही मुलगी १८८६ साली फिलाडेल्फियाला डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं पुरं व्हायच्या आत, पुण्यात गेली. तिचा पदवीदान समारंभ पाहायला पंडिता रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून गेल्या होत्या. त्यांच्याही नावाचं विवर तिथे आहे, 'मेधावी' या नावानं. आणि तिसरं 'झिराड', बेने इस्रायली समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख होत्या, हजारो बाळंतिणींना त्यांनी सोडवलं. ज्या ग्रहाच्या अस्तासाठी आपण मुलींची लग्नं अडवतो, त्याच्या जमिनीवर या तिघी आहेत. सांगलीच्या भगिनींनी मुलीला एवढं जरूर सांगावं. होणाऱ्या सासूबाईंनाही सांगितलं तर बिघडत नाही.

तिकडे जाणं पुन्हा सुरू होणार आहे. जपानचं आकात्सुकी यान २०१० साली शुक्रापाशी पोचूनही वळण चुकलं, पाच वर्षं सूर्याभोवती भटकलं आणि ७ डिसेंबर २०१५ ला दुसऱ्या प्रयत्नात शुक्राभोवती फिरू लागलं. २०२४ साली त्याचा संपर्क तुटला. भारत सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या शुक्र मोहिमेला १,२३६ कोटी रुपये मंजूर केले. यान मार्च २०२८ मध्ये सोडायचं ठरलंय. ते उतरणार नाही, वरूनच फिरणार. अमेरिका आणि युरोपचीही यानं ठरली आहेत.

मुलांना घरी काही दाखवायचं असेल तर फरशीवर लिंबू पिळू नका, घरातले ओरडतील. अंड्याचं टरफल किंवा जुना शंख काचेच्या पेल्यात ठेवा, वर चार चमचे व्हिनेगर घाला. बुडबुडे येतील. पेला उंच घ्या, म्हणजे फेस बाहेर येणार नाही. टरफल पातळ असतं, रात्रभरात बरंचसं विरघळून जाईल; शंखाला दिवस लागतील.

पुढच्या अंकात पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं आणि तांदळाचे दाणे टाकून त्याचा किती उपयोग होतो, ते पाहू. पत्रं पाठवत राहा.